ताग-काथ्या घातलेलं प्लास्टिक वितळल्यावर कसं वाहतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कंपाउंडिंगचं काम करतो, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन ह्या प्लास्टिकमध्ये ताग, काथ्या, लाकडाचा भुसा असं काय काय मिसळून त्याचा दाणा बनवायचा आणि मोल्डिंगवाल्यांना द्यायचा. दाणा गेला की दुसऱ्या दिवशी फोन येतो, आणि प्रश्न दरवेळी तेच असतात, माल भरत नाही, चट्टे पडतात, वास येतो, एमएफआय (माल किती सहज वाहतो त्याचा आकडा) कमी दाखवतोय. फोनवर घाईत अर्धवट सांगितलं जातं आणि समोरच्याचं नुकसान होतं, ते मला खरंच बरं वाटत नाही, म्हणून इथे सगळं एकदा नीट लिहितोय.

आधी हे सांगा, साधं प्लास्टिक वितळल्यावर वाहतं कसं? पाण्यासारखंच ना?

नाही, आणि पुढचं सगळं ह्याच फरकावर उभं आहे. पाणी हळू ढवळा नाहीतर जोरात, त्याचा पातळपणा तेवढाच राहतो. प्लास्टिकचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या, एकमेकींत गुंतलेल्या, हळू ढकललं तर गुंता तसाच राहतो आणि माल घट्ट लागतो, जोरात ढकललं की साखळ्या वाहण्याच्या दिशेने ताणल्या जातात, गुंता सैल होतो आणि तोच माल त्याच तापमानाला पातळ होतो. ह्याला शिअर थिनिंग म्हणतात. शिअर रेट म्हणजे मालाचे थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात ते, सेकंदाला किती असा आकडा असतो. पॉलिप्रॉपिलीनचा पॉवर लॉ आकडा (जोर वाढला की माल किती पातळ होतो ते सांगणारा) ०.३५ धरला तर शिअर रेट दहापट केल्यावर व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, साधारण साडेचारपट उतरते, शंभरपट केल्यावर वीसपट. म्हणजे "ह्या मालाची व्हिस्कॉसिटी किती" हा प्रश्नच अपुरा आहे, कुठल्या शिअर रेटला हे विचारायला हवं. कॉम्प्रेशन मोल्डिंगमध्ये (माल साच्यात दाबताना) तो १ ते १० असतो, एक्सट्रूजनमध्ये (सलग पट्टी काढताना) १०० ते १०००, इंजेक्शनमध्ये (साच्यात जोराने भरताना) गेटपाशी, म्हणजे माल साच्यात शिरतो त्या तोंडाशी, १०००० च्याही वर जातो.

तंतू घातल्यावर नेमकं काय बदलतं?

आइनस्टाइनने १९०६ मध्ये पातळ द्रवात गोल कण टाकले तर तो किती घट्ट होतो ह्याचं गणित मांडलं, त्यात आधी चूक राहिली होती ती १९११ मध्ये दुरुस्त होऊन २.५ हा आकडा आला, म्हणजे आकारमानाने १ टक्का कण घातले तर घट्टपणा अडीच टक्क्यांनी वाढतो. पण ते गोल कणांचं, तेही इतके विरळ की एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. तंतू लांब असतो. जेफरीने १९२२ मध्ये लांबट कणाचं गणित केलं, त्यात असं निघालं की तो वाहत्या द्रवात बराच वेळ प्रवाहाच्या दिशेने पडून राहतो, मग पटकन एक कोलांटी घेतो आणि पुन्हा पडून राहतो. एकटा असेल तर ठीक आहे, पण शेजारी दुसरा असेल तर कोलांटी घेताना धडक होणारच.

आता आपल्या मालाचा हिशोब करा. तागाचा तुकडा २ मिलिमीटर लांब आणि ५० मायक्रॉन जाड धरला तर लांबी भागिले जाडी ४० येते. तंतू एकमेकांना न लागता फिरायचे तर आकारमानाने १६०० त एक भाग एवढेच चालतात, म्हणजे ०.०६ टक्के. आणि ४० त एक भाग, म्हणजे अडीच टक्क्यांच्या वर गेलं की दाटी झालीच, कोणी मोकळेपणी फिरूच शकत नाही. वजनाने ५ टक्के ताग घातला तरी आकारमानाने सव्वातीन टक्के होतो. थोडक्यात आपण जो काही माल बनवतो तो पहिल्या दिवसापासून दाटीचा माल आहे, पुस्तकातली विरळ मिश्रणाची सूत्रं त्याला लावू नका.

दाटीचा परिणाम सगळ्यात जास्त दिसतो तो हळू वाहताना. तंतूंचं जाळं तयार होतं आणि ते मोडेपर्यंत माल हलायलाच तयार नसतो, भरपूर तंतू असले तर एक ठराविक जोर लावल्याशिवाय सुरुवातच होत नाही. जोर वाढला की जाळं मोडतं, तंतू प्रवाहात आडवे-तिडवे राहायचे सोडून सरळ होतात, आणि साध्या पॉलिप्रॉपिलीनचा ग्राफ आणि तंतूवाल्याचा ग्राफ एकमेकांच्या जवळ येत जातात. हे चित्र डोक्यात पक्कं बसवा, खालचे अर्धे प्रश्न ह्यानेच सुटतात.

काचेच्या तंतूंचा ३० टक्के माल मशीनवर आरामात चालतो, मग तागाचा ३० टक्के का अडतो?

कारण ३० टक्के वजनाने आहे आणि वाहताना अडचण होते ती आकारमानाची. काचेची घनता २.५५ च्या आसपास, तागाची १.४, पॉलिप्रॉपिलीनची ०.९. हिशोब केला तर ३० टक्के काच आकारमानाने फक्त १३ टक्के जागा घेते, आणि ३० टक्के ताग जवळजवळ २२ टक्के. दोन्ही पोत्यांवर आकडा एकच लिहिलेला पण आत गर्दी दीडपटीहून जास्त. त्यात काच ताठ आणि गुळगुळीत असते, तागाचा तंतू वाकतो, त्याच्या पिंजलेल्या बाजू एकमेकींत अडकतात. चांगली बाजू पण आहे, काच मशीनचा स्क्रू आणि बॅरल (माल वितळवणारी नळी) घासून खाते तेवढा ताग खात नाही, आणि तयार भाग हलका होतो.

तुमच्या मालाचा एमएफआय २ येतो, आमचा मोल्ड १२ एमएफआयच्या मालासाठी आहे, चालेल का?

हा प्रश्न आठवड्यातून तीनदा येतो त्यामुळे जरा सविस्तर.

एमएफआय म्हणजे ठरलेल्या तापमानाला ठरलेलं वजन ठेवून १० मिनिटांत २.०९५ मिलिमीटरच्या भोकातून किती ग्रॅम माल बाहेर येतो ते. पॉलिप्रॉपिलीनला २३० डिग्री आणि २.१६ किलो. साध्या दाण्यासाठी, एका लॉटची दुसऱ्या लॉटशी तुलना करायला उत्तम टेस्ट आहे. पण तंतूवाल्या मालात तिच्यात तीन घोळ होतात.

पहिला, ही टेस्ट फार हळू वाहण्याची आहे. एमएफआय १० असेल तर भोकातला शिअर रेट सेकंदाला साधारण २५ होतो, एमएफआय २ असेल तर ५ च. तुमच्या मोल्डमध्ये तो हजारोंत आहे. आणि तंतूंमुळे येणारा घट्टपणा तर हळू वाहतानाच सगळ्यात जास्त असतो हे वर सांगितलंच. म्हणून २ चा आकडा बघून वाटतं तितका हा माल मोल्डमध्ये घट्ट नसतो, १२ चा साधा दाणा आणि २ चा तागाचा दाणा ह्यांच्यातलं अंतर गेटपाशी बरंच कमी झालेलं असतं. आकडा बघून माल परत पाठवू नका, आधी शॉट मारून (एकदा मोल्ड भरून) बघा.

दुसरा घोळ असा की २३० डिग्रीला ताग टिकतच नाही. आधी तापायला थांबायचं, मग १० मिनिटं, एवढा वेळ बॅरलमध्ये बसला की तो करपतो, गॅस सुटतो, भोकातून फुगलेली तपकिरी दोरी बाहेर येते आणि आकडा भलताच येतो. आम्ही १९० ला टेस्ट करतो आणि कागदावर १९० असं ठळक लिहितो. मग समोरचा त्याची आपल्या २३० च्या आकड्याशी तुलना करतो आणि वाद होतो, तेव्हा कृपा करून आधी तापमान आणि वजन वाचा मग आकडा वाचा.

तिसरा, ३-४ मिलिमीटर लांब तंतू २ मिलिमीटरच्या भोकाशी आडवे बसतात. एकाच पोत्यातून पाच वेळा टेस्ट केली तर पाच आकडे येतील. एका आकड्यावर सही करू नका, पाचही लिहा आणि त्यांच्यात फरक किती आहे तेही बघा, फरक फारच असेल तर मिसळणं नीट झालेलं नाही, गुठळ्या आहेत.

पार्टवर चांदीसारखे चट्टे आणि आत बुडबुडे येतात, मशीनचा प्रॉब्लेम आहे का?

नव्वद टक्के वेळा ओलावा आहे, आणि ह्या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

पॉलिप्रॉपिलीनला पाणी आवडत नाही, दाणा तसाच हॉपरमध्ये ओतला तरी चालतो, आणि हीच सवय लोकांना नडते. तागाचं उलट आहे. बाजारात तागाच्या वजनात १३.७५ टक्के ओलावा हिशोबात धरायची पद्धतच आहे. तंतू सेल्युलोजचा, त्याला पाणी ओढून घ्यायची स्वभावतःच ओढ, दाण्यात गेल्यावर बाहेर प्लास्टिकचं आवरण असतं म्हणून वेग कमी होतो पण कापलेल्या टोकाला तंतू उघडे असतात, तिथून पाणी आत शिरतं. बॅरलमध्ये १८० डिग्रीला त्या पाण्याची वाफ होते, दाबाखाली असेपर्यंत विरघळून लपलेली राहते आणि मोल्डमध्ये दाब सुटला की फुटते, तेच ते चट्टे.

फसवणारी गोष्ट पुढे आहे. ओला माल जास्त छान वाहतो. वाफ आणि पाणी मिळून त्याला पातळ करतात, प्रेशर कमी लागतं, ऑपरेटर खूश होतो, आणि दोन तासांनी पोतं संपून कोरडं पोतं लागलं की शॉर्ट शॉट (मोल्ड अर्धवट भरणं) सुरू होतात, मग सगळे म्हणतात दुसरं पोतं खराब. माझ्याबरोबर दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये हे झालं. एका मोल्डिंगवाल्याने आमची १२ पोती नेली, चार उघडून शेडच्या दारापाशी ठेवली, बाहेर पाऊस, आणि बंद आठ पोती आतल्या खोलीत. उघड्या पोत्यांचा माल सुरसुर वाहिला, त्यावर त्यांनी सेटिंग लावलं, मग बंद पोत्यांचा माल भरेना. आठ पोती परत आली. मी दोन्ही नमुने ओव्हनमध्ये वाळवून आधी-नंतरचं वजन केलं तेव्हा उलगडा झाला, वाहणारा माल ओला होता आणि "खराब" माल बरोबर होता. उघड्या पोत्यांचे तोपर्यंत निघालेले पार्ट आतून पोकळ होते, हाताने वाकवल्यावर तुटत होते. पैसे गेले ते गेले, पण ते काम पण गेलं ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

तर दाणा ८० डिग्रीला तीन-चार तास गरम हवेत वाळवा, पावसाळ्यात जास्त, आणि वाळवल्यावर लगेच वापरा. उघड्या हॉपरमध्ये रात्रभर ठेवला की सगळी मेहनत वाया. तुम्ही स्वतः कंपाउंडिंग करत असाल तर तंतू १०० च्या आसपास वाळवून एक टक्क्याच्या खाली आणा आणि ट्विन स्क्रूवर (दोन स्क्रूच्या मिसळण्याच्या मशीनवर) व्हॅक्युम व्हेंट, म्हणजे वाफ ओढून घेणारं तोंड, चालू आहे का ते रोज बघा, तो तंतूंनी बुजतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

भरत नसेल तर तापमान वाढवू का?

साध्या प्लास्टिकमध्ये तेच करतात, इथे थांबा. पॉलिप्रॉपिलीन १६०-१६५ ला वितळतं, आणि तंतूतलं हेमिसेल्युलोज २०० च्या वर सुटायला लागतं. मधली पट्टी जेमतेम ३५-४० डिग्रीची, त्यातच सगळा खेळ. आम्ही बॅरल १७० ते १९० ठेवायला सांगतो.

आणि पॅनेलवर १९० दिसतं म्हणजे माल १९० लाच आहे असं समजू नका. घट्ट माल जोरात ढकलला की घर्षणाने स्वतःच तापतो, स्क्रूचा वेग आणि बॅक प्रेशर (स्क्रू मागे सरकताना मालावर ठेवलेला दाब) जास्त असेल तर आत १५-२० डिग्री सहज चढतात. म्हणून स्क्रूचा वेग कमी, बॅक प्रेशर कमी. नाकावर विश्वास ठेवा, पाव भाजल्यासारखा वास आला तर ठीक आहे, गूळ करपल्यासारखा झोंबणारा वास आला की बॅरल रिकामं करा. जेवायला जाताना माल बॅरलमध्ये ठेवू नका, साध्या पॉलिप्रॉपिलीनने धुऊन काढा. करपताना जे आम्ल सुटतं ते मोल्डच्या पोलादालाही खातं.

वाहणं वाढवायचं असेल तर जास्त एमएफआयचं मूळ पॉलिप्रॉपिलीन घ्या, इंजेक्शनचा वेग वाढवून बघा, मोल्ड थोडा गरम ठेवा. तापमान सगळ्यात शेवटी.

एक्सट्रूजनमध्ये पट्टीच्या कडा फाटतात, करवतीसारखे दात येतात, का?

दिवाळीत चकली केली असेल तर उत्तर तुम्हाला माहीत आहे. भाजणीचं पीठ घट्ट भिजलं, मोहन कमी पडलं, तर सोऱ्यातून चकली निघते पण तुटत तुटत, कडेला काटे उभे. इथेही तेच होतं. डायच्या (ज्या तोंडातून पट्टी निघते त्याच्या) भिंतीशी माल चिकटतो, मधला पुढे धावतो, बाहेर पडताना कडेच्या थराला एकदम ताण बसतो, आणि तंतूवाल्या मालाला तो ताण सोसेल एवढी लवचिकता नसते म्हणून कड फाटते. कोपऱ्यांवर जास्त कारण तिथे डाय थंड आणि वाट अरुंद.

उपाय पण आईचाच, मोहन घाला. आमच्या धंद्यात मोहन म्हणजे लुब्रिकंट, जसं वॅक्स, झिंक स्टिअरेट, ईबीएस (हेही एक वॅक्सच). माल भिंतीवर घसरायला लागला की कड साफ निघते. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, मॅलिक अनहायड्राइडवालं कपलिंग एजंट (तंतू आणि प्लास्टिकची पकड जोडणारं रसायन) घालत असाल तर झिंक स्टिअरेट घालू नका, ते त्या अनहायड्राइडच्याच मागे लागतं आणि तंतूशी पकड व्हायची ती होत नाही, पट्टी दिसायला सुंदर आणि ताकदीला कमी. अशा वेळी धातू नसलेलं लुब्रिकंट घ्या.

एक चांगली गोष्ट, साधं प्लास्टिक डायमधून निघाल्यावर फुगतं, तंतूवालं बरंच कमी फुगतं. डाय जेवढी कापली त्याच्या जवळचं माप मिळतं.

कपलिंग एजंटने माल घट्ट होतो की पातळ?

दोन्ही ऐकाल आणि दोन्ही खरं आहे. त्याची स्वतःची साखळी छोटी असते म्हणून ते पातळ करतं, आणि तंतू-प्लास्टिकची पकड वाढवतं म्हणून घट्ट करतं. कोण जिंकतं ते ग्रेडवर आणि प्रमाणावर. साधारण २ ते ५ टक्के घालतात. ते ताकदीसाठी घालायचं असतं, वाहण्यासाठी नाही.

गेट वारंवार चोक होतो

गरब्याच्या ग्राउंडचं फाटक आठवा, सगळे हातात दांडिया आडव्या धरून एकदम आत शिरायला बघतायत. पिनपॉइंट गेट (टाचणीएवढं तोंड) ह्या मालाला नको. एज गेट (कडेचं) किंवा फॅन गेट (पंख्यासारखं रुंद) घ्या, रनर (गेटपर्यंत माल नेणारी वाट) गोल आणि मोठा, कोपरे गोलाई दिलेले. भिंतीची जाडी २ मिलिमीटरच्या खाली न्यायची असेल तर मी तरी ताग सोडून भुसा सुचवतो.

पार्ट एका बाजूने मजबूत आणि दुसऱ्या बाजूने लगेच तुटतो, असं का?

तंतू जसे वाहिले तसे थिजले. मोल्डच्या भिंतीलगत शिअर जास्त, तिथे ते प्रवाहाच्या दिशेने झोपतात, आणि मधल्या गाभ्यात, विशेषतः गेटमधून माल पंख्यासारखा पसरला असेल तर, प्रवाहाला आडवे पडतात. म्हणजे एकाच पार्टमध्ये प्लायवूडसारखे थर. म्हणूनच एका दिशेने आकुंचन कमी, दुसऱ्या दिशेने जास्त आणि ट्रे वाकडा होतो. सगळ्यात नाजूक जागा वेल्ड लाइनची, भोकाला वळसा घालून दोन प्रवाह भेटतात तिथे तंतू एकमेकांत शिरत नाहीत, भेटीच्या रेषेला समांतर पडतात आणि तिथे ताकद फक्त प्लास्टिकची उरते. गेटची जागा बदलून ती रेषा जिथे जोर येत नाही तिथे न्या. मोल्ड कापायच्या आधी विचारलंत तर हे फुकटात होतं, नंतर विचारलंत तर वेल्डिंगवाल्याकडे जावं लागतं.

कुठला तंतू सगळ्यात सोपा वाहतो?

लाकडाचा भुसा आणि भाताचं तूस, कारण ते आखूड, लांबी जाडीच्या जेमतेम काही पट. पण तेवढी ताकद पण देत नाहीत. ताग, अंबाडी, जवस, घायपात हे ताकदीचे आणि अडणारे. काथ्या जाड असतो, लिग्निन ४० टक्क्यांच्या वर, धक्का चांगला सोसतो, ताकद बेताची. केळीच्या खांबाचा धागा आपल्याकडे भरूच-आणंद पट्ट्यात पाहिजे तेवढा मिळतो, पण वाळवायला फार वेळ घेतो. स्क्रूमध्ये लांब तंतू तुटतातच, तरी तागाची जुडी तुटताना उभी पण चिरते आणि बारीक होते, म्हणून लांबी गेली तरी लांबी-जाडीचं गुणोत्तर पूर्ण जात नाही, ही जमेची बाजू.

नायलॉनमध्ये घालून द्याल का?

नाही. नायलॉन ६ वितळतं २२० ला, तोपर्यंत ताग करपलेला असेल.

रनरमध्ये थिजलेला माल दळून परत वापरता येईल का?

येईल, थोडा. दरवेळी तंतू आखूड होतो आणि पॉलिप्रॉपिलीनची साखळी तुटते, त्यामुळे माल जास्त पातळ वाहायला लागतो, आणि तो पातळपणा म्हणजे ताकद गेल्याची खूण आहे. दळलेला माल परत वाळवा, त्याच्या सगळ्या कापलेल्या कडा उघड्या असतात. रंग गडद होत जातो तो नीट बघा.

लॅबमध्ये टेस्ट करायची तर काय मागू?

कॅपिलरी रिओमीटर (बारीक नळीतून माल ढकलून घट्टपणा मोजणारं मशीन) मागा, १०० ते १०००० शिअर रेट, १८० आणि १९० डिग्रीला, नमुना वाळवून. एकाच व्यासाच्या पण वेगवेगळ्या लांबीच्या निदान दोन डाय वापरा असं सांगा, कारण तोंडापाशी जो दाब खर्च होतो तो तंतूवाल्या मालात मोठा असतो आणि बॅगली करेक्शन (तो दाब वजा करणारी दुरुस्ती) केलं नाही तर माल आहे त्याहून घट्ट दिसतो. भुसा ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर माल भिंतीवर घसरतो, मग वेगवेगळ्या व्यासाच्या डायवर मूनी करेक्शन (घसरण वजा करणारी दुरुस्ती) लागतं, नाहीतर माल आहे त्याहून पातळ दिसतो. दोन चकत्यांमध्ये माल ठेवून चकती फिरवून केलेला ग्राफ कोणी दिला तर दोन चकत्यांमधलं अंतर विचारा, १ मिलिमीटर फटीत २ मिलिमीटरचा तंतू टाकून काढलेल्या आकड्याला अर्थ नाही. आणि तो ग्राफ कॉक्स-मर्झ नियमाने (चकतीच्या मागेपुढे हलवण्यावरून सरळ वाहण्याचा घट्टपणा काढणाऱ्या) इंजेक्शनच्या वेगाला लावू नका, साध्या प्लास्टिकला तो लागतो, तंतूवाल्याला लागत नाही.

टेस्टला पाठवायचा नमुना ज्या पोत्यातला असेल त्याच पोत्यातला किलोभर माल झिपच्या पिशवीत बंद करून, तारीख टाकून स्वतःकडे ठेवा.